हिरवा डायनॅमो

काकासाहेबांनी बॉनेट उघडलं ते कौतुक करून घ्यायला. टेंभुर्णीत मोटार बाळगणारा माणूस तेवढाच एक, आणि ती मोटारही नेमकी जगन्नाथच्या मोटारीची जुळी बहीण, काळी ऑस्टिन, त्याच बांधणीची. जमिनीच्या दाव्याचं बोलणं आटोपलं होतं, जेवण व्हायचं होतं, आणि पौषातलं ऊन अंगणात असं पसरलं होतं की कुणालाच घाई नव्हती. काकासाहेब म्हणाले, "वकीलसाहेब, बघा तर खरं, गॅरेजवाल्या रामकिसननं कशी करून दिली. घोड्यावानी पळती आता. मागल्या महिन्यात डायनॅमो टाकून दिला त्यानं, पार औरंगाबादहून मागविला म्हणला." जगन्नाथ शिष्टाचार म्हणून वाकला. यंत्रातलं त्याला फारसं कळत नव्हतं. बॉनेटखालची ती काळी, तेलकट गुंतागुंत पाहिली की दुसऱ्याच्या घरातल्या माजघरात डोकावल्यासारखं त्याला व्हायचं. पण डायनॅमो त्याला ओळखू येत असे. बॅटरी भरणारा तो लोखंडी नळकांड्यासारखा भाग. आणि तो ओळखू यायचं कारण आत्ता त्याच्यासमोर होतं: नळकांड्याच्या वरच्या अंगाला हिरव्या तैलरंगाचा एक फराटा, सुरुवातीला जाड, पुढे विरत गेलेला, आणि शेवटी तीन थेंब.

तो फराटा शैलाचा होता. जालन्यातल्या मस्तगडच्या घराच्या खिडक्या रंगवायला काढल्या होत्या त्या वर्षीचा. गाडी दारात बॉनेट उघडून उभी होती, जगन्नाथ पाणी आणायला आत गेला होता, आणि एवढ्यात पोरीने रंगाऱ्याचा ब्रश उचलून हाताला लागेल त्या पहिल्या गोल वस्तूवर फिरवला होता. तो तिच्यावर ओरडला होता. मग ती मुसमुसत म्हणाली होती की मी गाडीला आतून छान करत होते. तेव्हा त्याने रॉकेलचं फडकं बाजूला ठेवलं आणि फराटा तसाच राहू दिला. त्यानंतर कधी पाणी घालायला बॉनेट उघडलं की नजर आधी त्या हिरव्यावर जायची. घरातल्या भिंतीवर मुलांची उंची मोजल्याच्या खुणा असतात तसं काहीसं त्याला त्याचं वाटायचं. आणि आता तो हिरवा रंग टेंभुर्णीत, काकासाहेबांच्या गाडीत, काकासाहेबांच्या अभिमानाखाली होता.

"छान आहे," जगन्नाथ म्हणाला.

आपण असं का म्हणालो हे त्याला जेवताना कळेना. वांग्याचं भरीत होतं, बाजरीची ऊन भाकरी होती, काकासाहेबांच्या कारभारणीने आग्रहाने लोणी वाढलं होतं, आणि तो घास चावत होता, पण तोंडात नुसता गोळा होत होता. तिथेच बोलता आलं असतं. हा डायनॅमो माझा आहे. कशावरून? माझ्या मुलीने रंगवलाय. काकासाहेब हसले असते, किंवा गंभीर झाले असते, आणि मग रामकिसनला बोलावणं गेलं असतं. आयुष्यभर तो लोकांना कोर्टात पिंजऱ्यात उभं करून विचारत आला होता, त्याच वेळी का बोलला नाहीत, तोंड कुणी धरलं होतं? आता त्याला समजलं की तोंड धरायला दुसऱ्या कुणाची गरज नसते. खरं तर डायनॅमो गेल्याचं त्याला तितकंसं वाटत नव्हतं. ज्याने काढून नेला त्याचं नाव रामकिसन होतं, हे त्याला सोसत नव्हतं.

परतीच्या वाटेवर तो गाडीचा आवाज ऐकत होता. मागच्या महिन्यात तीन आठवडे गाडी रामकिसनच्या गॅरेजात होती. इंजिन उतरवून पुन्हा बांधलं, आतलं बरंच बदललं, असं तो म्हणाला होता. आजवर त्या आवाजाकडे त्याने कधी लक्ष दिलं नव्हतं. आता चढावर एक करकर येत होती, उतारावर ती थांबायची आणि तिच्या जागी बारीक शीळ यायची. ही आधी होती का? ही माझीच गाडी आहे का? आपल्याच घरात अंधारात झोपावं आणि शेजारचा श्वास अनोळखी वाटावा तसं त्याला झालं. दोन्ही बाजूंना वेचणी उरकलेल्या कपाशीची काळी शेतं होती, एखाद्या बोंडात अडकून राहिलेला कापूस वाऱ्यावर हलत होता, आणि तो स्टिअरिंग असं धरून बसला होता की जणू मागच्या सीटवर कुणीतरी आहे आणि मान वळवली तर दिसेल. घरी आल्यावर त्याने, गॅरेजातून गाडी परत आल्यापासून पहिल्यांदाच, स्वतः बॉनेट उघडलं. डायनॅमोच्या जागी डायनॅमो होता. काळ्या ताज्या रंगाने चमकत होता. त्याने किल्लीच्या टोकाने खरवडलं, तर रंगाखालून तांबूस गंज निघाला, आणि तो भुगा त्याच्या नखात जाऊन बसला.

शरयूने आतून विचारलं, "आलात? गाडी नीट चालली ना?"

"नीट चालली," तो म्हणाला.

तिला सांगायचं नाही, हे त्याने बॉनेट खाली पाडतानाच ठरवलं होतं. शरयू रामकिसनला भाऊबीजेला ओवाळत असे. गेली कितीतरी वर्षं तो त्या दिवशी यायचा, धुतलेला सदरा घालून, बोटं घासून घासून आलेला, तरी नखांच्या कडांना काळी रेघ राहिलेली. पाटावर बसताना अंग चोरायचा. तबकात खण ठेवायचा. शरयू त्याला करंजी वाढायची आणि तो खाली मान घालून खायचा. फारसं कुणी कुणाशी बोलायचं नाही. जगन्नाथ झोपाळ्यावर बसून हे पाहायचा आणि त्याला भरून यायचं. कारण ते अठ्ठेचाळीस साल होतं, तो औरंगाबादच्या तुरुंगात सत्याग्रही म्हणून पडला होता, आणि बाहेर निजामाचं राज्य पेटलं होतं. घरात म्हातारी आई आणि दिवस गेलेली बायको. त्या वेळी रामकिसन एका जिनिंगची लॉरी चालवायचा. त्याने सरकीच्या पोत्यांमागे आईला आणि गल्लीतल्या आणखी काही बायकांना बसवलं, शरयूला अवघडलेली म्हणून पुढे आपल्याशेजारी घेतलं, आणि भल्या पहाटे सगळ्यांना हद्दीपार वऱ्हाडात, देऊळगावराजाला पोचवलं. वाटेत नाक्यावर रझाकारांनी लॉरी अडवली, शरयूच्या हातातल्या पाटल्या काढून घेतल्या आणि मग सोडलं. भेटीला आलेल्या मामांनी हे तुरुंगाच्या गजाआडून सांगितलं तेव्हा जगन्नाथ भिंतीकडे तोंड करून रडला होता. पाटल्यांसाठी नव्हे. एक लॉरीवाला, ना नात्याचा ना जातीचा, त्याने आपलं सगळं घर उचलून पलीकडे नेऊन ठेवलं, म्हणून.

पुढे वकिलीत दिवस जात राहिले तसा हा प्रसंग त्याला फार उपयोगी पडला. सकाळपासून संध्याकाळपर्यंत खोटं ऐकायचं. भाऊ भावाविरुद्ध शपथेवर खोटं सांगतोय, मुलगा बापाचा अंगठा बापाचा नव्हेच म्हणतोय. आणि अशा दिवसाच्या शेवटी घरी येताना त्याच्या मनात ती लॉरी यायची. ती पहाटेच्या अंधारातून जात असायची. दिवे विझवून. त्याने ती पाहिली नव्हती, म्हणूनच ती त्याला इतकी स्पष्ट दिसायची. माणसात एवढं असतं, असं तो स्वतःला सांगायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कोर्टात जाता यायचं. दोन-तीन सभांतून त्याने ती गोष्ट सांगितलीही होती. निजामाचं राज्य गेलं त्याच्या पुढच्याच वर्षी रामकिसनने लॉरी सोडून स्टँडमागे पत्र्याची शेड घालून गॅरेज टाकलं, तेव्हा नारळ जगन्नाथने फोडला होता.

आता त्या लॉरीला काहीतरी झालं होतं. तो डोळे मिटून तिला आणू पाहायचा, पण ती यायची ती हेलकावत, आणि तिच्यातून ती करकर ऐकू यायची. ज्याने डायनॅमो बदलला त्यानेच लॉरी चालवली होती, ही दोन वाक्यं तो शेजारी शेजारी ठेवायचा आणि ती एकमेकांत मिसळायची नाहीत. गरज असेल, तो म्हणायचा. मुलीचं लग्न असेल, देणं असेल. मग मागायचं होतं. मी दिलं नसतं का? आणि मग नकळत दुसरा विचार यायचा: किती वर्षं? याच्या आधी किती वेळा? टायर, ब्रेक, गेल्या उन्हाळ्यातला रेडिएटर. एक धागा ओढला की सगळी वीण सैल होते तसं मागचं मागचं उसवत चाललं होतं, आणि कुठे थांबवायचं ते त्याच्या हातात राहिलं नव्हतं.

चौथ्या की पाचव्या दिवशी दुपारी, कोर्टातून परस्पर, तो गॅरेजवर गेला. रामकिसन एका ट्रकखालून सरपटत बाहेर आला आणि त्याला पाहून हसला. तेच हसणं, वरचा एक दात किडलेला.

"या साहेब. ताई बऱ्या हायेत ना? बसा, चहा सांगतो."

"चहा नको. रामकिसन, माझ्या गाडीचा डायनॅमो बदललास का?"

"बदलला ना. जळेल व्हता बिलकुल. तुम्हाला बोल्लो व्हतो मी."

"बोलला नव्हतास."

"मंग राह्यलं आसंल. कामाच्या गडबडीत राहून जातंय."

"जुना कुठंय?"

"भंगारात गेला साहेब. जळेल माल ठिवून काय करता."

"तो काकासाहेबांच्या गाडीत आहे. टेंभुर्णीच्या. मी पाहिला."

रामकिसनने कमरेचं फडकं काढलं आणि हात पुसायला घेतले. एकेक बोट, सावकाश. जगन्नाथ वाट पाहत होता की हा आता गडबडेल, खोटं बोलेल, पाया पडेल. यांतलं काहीही झालं असतं तरी बरं वाटलं असतं. पण रामकिसनचा चेहरा नुसता थकल्यासारखा झाला. बाहेर स्टँडवर एस.टी.चा कंडक्टर अंबडच्या गाडीसाठी ओरडत होता.

"मंग काय म्हणणं हाय साहेब तुमचं?" त्याने विचारलं. आवाजात उद्धटपणा नव्हता. "पोलिसात जाता? जा. कोर्ट तर तुमचंच हाय. पर एक करा. आधी ताईला विचारा."

"तिचा यात काय संबंध?"

"ताईला विचारा," तो पुन्हा म्हणाला, आणि पाठ टेकवून ट्रकखाली शिरला. बाहेर त्याचे पाय तेवढे राहिले.

घरी येईपर्यंत जगन्नाथने त्याचा अर्थ लावला होता. उपकार काढून दाखवतोय. मी तुमचं घर वाचवलं, आता तुम्ही माझ्याकडे बोट दाखवता? इतका खाली उतरला. आणि या अर्थाने त्याला थोडं बरंही वाटलं, कारण त्यात लॉरी शाबूत राहत होती. विकायला काढलेली का होईना, पण शाबूत. शरयू ओसरीवर सुपात तांदूळ निवडत बसली होती. शैला शाळेतून यायची होती. तो तिच्यासमोर खांबाला टेकून बसला, जोडे न काढता. आणि न सांगण्याचा निश्चय केलेला माणूस सांगायला लागला, टेंभुर्णीपासून, सगळं. ती ऐकत होती, खडे बाजूला काढत होती. हिरव्या रंगाचं सांगितलं तेव्हा किंचित हसली.

"आणि वर मला म्हणतो, ताईला विचारा."

तिचा हात सुपात थांबला. "काय विचारा म्हणाला?"

"ते नाही सांगितलं."

"मग नका विचारू," ती म्हणाली. "डायनॅमोचं आहे ना, ते डायनॅमोचंच राहू द्या. दुसरा बसवून घ्या."

ती हे इतक्या सरळ आवाजात म्हणाली की त्यानेही ते ऐकून सोडून दिलं असतं. पण तिने सूप मांडीवरून खाली ठेवलं आणि डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. अशी सवय तिला होती. आजवर त्याने ती कितीदा पाहिली होती. आज पहिल्यांदा ती त्याला दिसली.

"शरयू, काय आहे?"

ती अंगणाकडे पाहत म्हणाली, "नाका नव्हता."

"कुठला नाका?"

"कुठलाच. गावाबाहेर पडलो ते देऊळगावराजा येईपर्यंत कुणी अडवलं नाही. रस्ता अगदी मोकळा होता. एका नाल्याच्या उतारावर त्याने लॉरी थांबवली. इंजिन गरम झालं म्हणाला. उतरून पुढचं झाकण उघडलं, थोडं खाटखूट केलं. मग माझ्या बाजूचं दार उघडून उभा राहिला. म्हणाला, पुढं नाक्यावर द्यावं लागतं, पाटल्या काढून द्या. मी म्हटलं, नाका आला की देऊ. तर तो हललाच नाही. दार धरून उभा. तोंड दिसत नव्हतं, एवढं उजाडलं नव्हतं. मागं आई होत्या, पोत्यांच्या आड, पण लॉरी थांबली की श्वासही मोठ्याने घ्यायचा नाही असं त्यानेच बजावलं होतं सगळ्यांना. मला वाटलं, आता हा..." ती थांबली. "काय वाटलं ते जाऊ द्या. मी म्हटलं, रामकिसनभाऊ. त्याच्या आधी कधी भाऊ म्हटलं नव्हतं मी त्याला. म्हटलं, रामकिसनभाऊ, माझे हात सुजलेत हो, निघत नाहीत पाटल्या. शैलाच्या वेळी सुजायचे ना माझे हात. मग त्याने मान खाली घातली. गेला आणि डब्यातलं ग्रीस घेऊन आला. ते लावल्यावर निघाल्या."

ओसरीच्या कडेला मुंग्यांची एक ओळ सांडलेल्या तांदळाकडे निघाली होती.

"नाक्याचं मीच आईंना सांगितलं," ती म्हणाली. "त्यांनी मामांना, मामांनी तुम्हाला. तुम्ही सुटून आलात ते ती गोष्ट सांगतच आलात. मग काय सांगायचं होतं मी?"

"आणि दरवर्षी ओवाळतेस त्याला."

"पहिल्या वर्षी मीच निरोप पाठवला. भाऊ म्हटलं होतं ना मी. ते खरं राहायला पाहिजे. ते सुटलं असतं तर त्या उतारावर काय झालं असतं ते मला रोज आठवावं लागलं असतं." तिने सूप पुन्हा मांडीवर घेतलं. "तोही येतो. त्यालाही तेच पाहिजे असेल. त्याने पोचवलं हे तर खोटं नाही. आपण सगळे जिवंत आहोत."

त्याला एकच प्रश्न विचारायचा होता. ग्रीस कुणी लावलं. साधा प्रश्न होता. कोर्टात त्याने याहून कितीतरी वाईट प्रश्न परक्या बायकांना, सगळ्यांसमोर, चढ्या आवाजात विचारले होते. शब्द त्याच्या जिभेवर तयार होते. तेवढ्यात शैला दप्तर उडवत आली, आणि शरयू तिच्यासाठी उठली; आणि तो प्रश्न तिथेच राहिला. रात्री जेवताना राहिला, दुसऱ्या दिवशी राहिला. नंतर त्याच्या लक्षात आलं की तो आपण कधीही विचारणार नाही, आणि शरयूला हे माहीत आहे, आणि कदाचित म्हणूनच तिने बाकीचं सांगितलं. घरात सगळं पूर्वीसारखं चाललं होतं. ती चहा आणून ठेवायची. तो कप उचलताना तिच्या मनगटाकडे पाहायचा नाही. न पाहण्यासाठी फार जपावं लागायचं.

लॉरी मात्र आता येत नव्हती. कोर्टातून परतताना तो वाट पाहायचा आणि तिच्या जागी एक उतार यायचा. त्यावर काहीच हलत नसायचं. एक दार उघडं. एक माणूस. तुरुंगात भिंतीकडे तोंड करून रडलेला तो तरुण त्याला आठवायचा आणि त्याची शरम वाटायची, जणू तोही कटात होता. माणसात एवढं असतं, हे वाक्य त्याने किती सभांतून म्हटलं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. पुढे एका साध्या फसवणुकीच्या दाव्यात उलटतपासणीला उभं राहिल्यावर तो मध्येच थांबला, साक्षीदाराकडे पाहत राहिला, आणि मग प्रश्न नाही म्हणून बसला. पक्षकाराने नंतर चिडून दुसरा वकील केला.

फाल्गुनात एका रविवारी त्याने ठरवलं की गाडी औरंगाबादला न्यायची. तिथे ओळखीचं कुणी नाही, अशा एखाद्या गॅरेजात सगळं उघडून पाहायला सांगायचं. काय आपलं आहे आणि काय नाही, एकदा कळू दे. शरयूला त्याने फक्त कामाला जातो म्हणून सांगितलं. बदनापूरच्या अलीकडे गाडीने दोन आचके दिले आणि थांबली. बॅटरी पार उतरली होती, हॉर्नसुद्धा वाजेना. ऊन चढलं होतं. रस्त्याच्या कडेला निंबाची विरळ सावली होती, तिच्यात तो उभा राहिला, आणि त्याला आश्चर्य वाटलं की आपण चिडलेलो नाही. उलट हलकं वाटत होतं. उघडून पाहणं टळलं होतं. बऱ्याच वेळाने जालन्याकडे जाणारा एक ट्रक थांबला. ड्रायव्हरने गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "रामकिसनकडं न्यायची ना? दुसरं हाय कोण इकडं." त्याने होकार दिला की नाही ते त्याला नंतर आठवेना. ड्रायव्हरने दोर बांधला. पुढे ट्रक, मागे दोरावर ओढली जाणारी ऑस्टिन, आणि तिच्यात स्टिअरिंग धरून बसलेला तो. वळवायचं काही नव्हतं, पुढचा जाईल तसं जायचं होतं. ट्रकची सगळी धूळ त्याच्या तोंडावर येत होती.

गॅरेजच्या दारात त्याला सोडून ट्रक निघून गेला. रविवार असल्याने शेडमध्ये दुसरं कुणी नव्हतं. रामकिसन खाटेवर बसून कांदा-भाकर खात होता. त्याने पाहिलं, हातावर पाणी घेतलं, फडक्याला हात पुसले आणि सावकाश चालत आला. गाडीच्या खिडकीशी येऊन उभा राहिला. दारावर एक हात ठेवला. ऊन त्याच्या पाठीमागे होतं, त्यामुळे जगन्नाथला त्याचा चेहरा नीट दिसेना. तो काही बोलत नव्हता. विचारत नव्हता, हसत नव्हता, हात काढत नव्हता. नुसता उभा होता. जगन्नाथला वाटलं, आता काहीतरी म्हणायला हवं, लवकर म्हणायला हवं; त्याने तोंड उघडलं, आणि आजवर ज्याला तो नुसतं नावाने हाक मारत आला होता त्याला म्हणाला, "रामकिसनभाऊ, बघता का जरा."

रामकिसनने मान खाली घातली, बाजूला सरून दार उघडून दिलं, आणि पुढे जाऊन बॉनेट वर केलं.

जगन्नाथ उतरून भिंतीच्या सावलीत उभा राहिला. आत काय काय बिघडलं आहे ते रामकिसन सांगू लागला, आणि तो ऐकत, प्रत्येक गोष्टीला मान हलवत गेला.